घरची बिअर, पाहुण्यांची जीभ

'विचारा तर खरं' या सदरात या वेळी घरी बनवलेल्या बिअरबद्दलची पत्रं घेतली आहेत. कृतीबद्दल विचारणारी पत्रं थोडीच होती. बाकी सगळ्यांची तक्रार पिणाऱ्यांबद्दल होती: कुणी तोंडदेखलं कौतुक करतं, कुणी वास घेऊनच ग्लास बाजूला ठेवतं, कुणी 'हातभट्टी' म्हणून हसतं.

प्रश्न : दीड वर्ष घरी बिअर करतो आहे. मित्र पहिल्या घोटाला "वा!" म्हणतात, पण ग्लास अर्धा राहतो आणि हात विकतच्या कॅनकडे जातो. दोष बिअरमध्ये आहे की मित्रांत? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : "वा!" हिशेबात धरू नका. यजमानीणबाई समोर उभ्या असताना पुरणपोळीला नावं कोण ठेवतं? उरलेला अर्धा ग्लास हेच त्यांचं खरं मत. पण त्यावरून कृती बदलायला धावू नका, कारण असे बरेचसे ग्लास कृतीमुळे नव्हे, शेवटच्या टप्प्यामुळे उरतात: गॅस, तापमान, ग्लास, ओतणं.

आधी गॅस. बिअरमध्ये गॅस कमी असला तर पिणाऱ्याला 'गॅस कमी आहे' असं वाटत नाही, 'शिळी आहे' किंवा 'पाणचट आहे' असं वाटतं. 20 लिटर एल (उबेत आंबवायच्या प्रकारची बिअर) 20 अंश सेल्सिअसला आंबवली असेल, तर बाटलीत मध्यम फसफस यायला 115 ते 120 ग्रॅम साधी साखर लागते. ती 200 मिलि पाण्यात पाच मिनिटं उकळा, निववा, रिकाम्या बादलीत ओता आणि त्यावर नळीने बिअर सोडा. मग निर्जंतुक केलेल्या डावाने फेस न काढता हळूच ढवळा. हे ढवळणं राहिलं की एक बाटली मचूळ निघते आणि दुसरी उसळते. पाहुण्याच्या वाट्याला एकच बाटली येते आणि त्या एकीवरून तो सगळ्या बॅचचं मत ठरवतो. बाटल्या 20 ते 22 अंशांना दोन आठवडे ठेवा, नंतर किमान 48 तास फ्रिजमध्ये. आज सकाळी गार करायला टाकलेली बाटली संध्याकाळी उघडली तर गॅस बिअरमध्ये नीट मुरलेला नसतो, सगळा फेसातून निघून जातो. बाटल्या भरण्याआधी हायड्रोमीटरचं, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणाऱ्या उपकरणाचं, माप सलग तीन दिवस न हललेलं हवं. आंबणं अर्धवट असताना भरलेली बाटली फुटू शकते, आणि फुटणारी काच चेष्टेचा विषय नाही.

मग ग्लास. साबणाचा किंवा तेलाचा पुसट थर असला की फेस बसतो, आणि फेस बसलेली बिअर बघणाऱ्याला मेलेली दिसते. ग्लास आतून ओला करून त्यावर मीठ भुरभुरवा. जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेल आहे. बिअर ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून बसले तरी अर्थ तोच. अर्धा चमचा खायचा सोडा घालून गरम पाण्याने धुवा, उपडा ठेवून वाळवा, फडक्याने पुसू नका. आणि शेव, चिवडा, भजी बिअरच्या आधी फिरवू नका. ओठांवरचं तेल दोन घोटांत फेस संपवतं, मग तुमचं धान्य आणि तुमची मेहनत काहीही असो.

राहिला मित्रांचा दोष. त्यांची जीभ कोणत्या बिअरवर वाढली ते बघा. नेहमीच्या अमेरिकन लागरचा (विकतची हलकी, गारव्यात आंबवलेली बिअर) कडूपणा 8 ते 18 आयबीयू असतो (हे कडूपणाचं माप), अमेरिकन आयपीएचा, म्हणजे कडू इंडिया पेल एलचा, 40 ते 70. जन्मभर लागर प्यालेल्या माणसाला थेट आयपीए देणं म्हणजे फुळका वरणभात खाणाऱ्याला पहिल्याच घासाला कोल्हापुरी ठेचा वाढणं. ब्लाँड एल, क्रीम एल किंवा क्योल्श अशा सौम्य प्रकारांनी सुरुवात करा. आणि "कशी झालीये?" हा प्रश्न टाकून द्या. दोन वेगळ्या बिअर 150-150 मिलि ओता आणि "यातली कुठली परत भरू?" एवढंच विचारा.

प्रश्न : पुण्याहून आलेल्या वडीलधाऱ्यांना घरची बिअर म्हणजे हातभट्टी वाटते. "डोळे जातील" म्हणतात. त्यांना काय सांगावं? (डॅलस, टेक्सस)

उत्तर : त्यांची भीती खऱ्या घटनांवरून आलेली आहे, म्हणून हसण्यावारी नेऊ नका. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. पण त्या दारूत कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेलं होतं, ते आंबवण्यातून आलेलं नव्हतं. बिअर गाळतही नाहीत, म्हणजे भट्टी लावून वाफ धरत नाहीत. जवाच्या माल्टच्या आंबवणीत मिथेनॉल तयार झालंच तर नगण्य होतं, आणि गाळणं नसल्यामुळे ते कुठे साचतही नाही.

माल्ट म्हणजे काय हे त्यांना नाचणीसत्त्वावरून चटकन कळेल: धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. इथे नाचणीऐवजी जव. ते 65 ते 67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की पिठाची साखर होते. ते पाणी हॉप्स (कडवट, सुगंधी फुलं) घालून उकळायचं, गार करायचं आणि विरजण लावावं तसं यीस्ट घालायचं. तयार बिअरचा सामू साधारण 4 ते 4.5 असतो. त्यात अल्कोहोल आणि हॉप्सचा कडूपणा, त्यामुळे माणसाला आजारी पाडणारे नेहमीचे जंतू तिथे तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट होईल, वास मारेल, पण डोळे नेणार नाही.

कायद्याबद्दलही विचारतील. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर 1978मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली: एकच प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200. विकायची मात्र नाही. घरी दारू गाळायला मात्र या कायद्याने मुभा दिलेली नाही. हा फरक सांगितला की निम्मी शंका जाते. उरलेली निम्मी, त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः पहिला घोट घेतला की.

प्रश्न : चार बॅच झाल्या, प्रत्येकीला दवाखान्याचा वास. बायको म्हणते चिकटपट्टी, मित्र म्हणतो डेटॉल. मला स्वतःला फारसा येत नाही. (मेलबर्न)

उत्तर : दोघंही बरोबर आहेत. हा क्लोरोफेनॉलचा वास. तो अब्जांशात मोजावा इतका थोडा असला तरी बहुतेकांना कळतो. तुम्हाला येत नाही कारण त्या वासात तुम्ही चार तास उभे असता. नाकाला सवय होते.

चारही बॅचना एकच वास म्हणजे पाण्यावर संशय घ्या. शहराच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, ते माल्टमधल्या फेनॉलशी जुळतं. क्लोरीन उकळून बरंचसं जातं, क्लोरामाइन सहजी जात नाही, त्यामुळे "मी पाणी उकळून घेतलं होतं" हा बचाव चालत नाही. कॅम्पडेनची, म्हणजे क्लोरीन घालवणारी सल्फाइटची, एक गोळी साधारण 75 लिटर पाण्याला पुरते. 20 ते 25 लिटरला पाव ते तृतीयांश गोळी चुरून टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा. धान्य भिजवायच्या पाण्यालाही आणि धुवायच्या पाण्यालाही. बरेच जण दुसरं विसरतात.

खात्री करायची असेल तर एक छोटी बॅच पूर्णपणे बाटलीबंद पाण्यात करा. वास गेला तर पाणी दोषी. नाही गेला तर तुम्ही भांडी ब्लीचने धुता का ते आठवा. ब्लीच सोडून न धुवावं लागणारं आम्ल वापरा: स्टार सॅन असेल तर 20 लिटर पाण्याला 30 मिलि, भांडं दोन मिनिटं ओलं राहू द्या, फेसाची भीती बाळगू नका. वास एकाच बॅचला असेल, आठवड्यागणिक वाढत असेल आणि बाटल्या उघडताना उसळत असतील तर ते बाहेरून शिरलेलं यीस्ट. ते नळीच्या आतल्या ओरखड्यांत किंवा नळाच्या आट्यांत राहतं. नळ पूर्ण उघडून घासा, जुनी नळी फेकून द्या. एखाद्याच बाटलीला वास असेल तर ती बाटली नीट धुतलेली नव्हती, एवढंच.

प्रश्न : नातलगांत बरेच जण शाकाहारी आहेत, पण बिअर घेतात. माझी बिअर गढूळ दिसते म्हणून नाकं मुरडतात. ती जिलेटिनने स्वच्छ होते असं वाचलं. (लेस्टर)

उत्तर : होते, पण जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांचं असतं. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा आयसिंग्लास तर माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. दोन्हींचा बहुतेक भाग गाळाबरोबर खाली बसतो हे खरं, पण "बहुतेक" हे उत्तर शाकाहारी पाहुण्याला तुम्ही देणार आहात का? न सांगता वाढू तर मुळीच नये.

पर्याय सोपे आहेत. उकळीच्या शेवटच्या 10 ते 15 मिनिटांत आयरिश मॉस किंवा त्याची गोळी टाका. हे समुद्री शेवाळ आहे, प्रथिनं गोळा करून खाली बसवतं. उकळल्यावर वर्ट, म्हणजे ते माल्टचं गोड पाणी, जितक्या लवकर 20 अंशांवर आणाल तितकं बरं. आंबणं संपल्यावर दोन-तीन दिवस 0 ते 2 अंशांना ठेवा. एवढ्याने भागलं नाही तर सिलिकापासून केलेली द्रव्यं मिळतात. मिल्क स्टाउट करत असाल तर त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. व्हीगन पाहुण्याला आधी सांगा.

ग्लास तळहातात धरून थोडा गरम होऊ द्या. गढूळपणा गेला तर तो गारव्याने आलेला, चवीला निरुपद्रवी. नाही गेला तर बहुधा यीस्ट आहे, आणि मग प्रश्न ओतण्याचा. बाटलीत मुरलेल्या बिअरच्या तळाशी गाळ असतोच. बाटली एका दमात ओता, मध्ये सरळ करू नका, तळाची दोन सेंटिमीटर बिअर बाटलीतच राहू द्या. पाहुण्यांना स्वतः ओतू देऊ नका. ते शेवटचा थेंबही ओततात आणि रात्री पोटातल्या वाऱ्याचं खापर तुमच्यावर फुटतं. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर गढूळच असते. तिथे ते आधी सांगावं, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

प्रश्न : मित्रांना विकतची आणि घरची एकाच प्रकारची बिअर दिली. सगळ्यांनी विकतची चांगली म्हटली. पण बाटल्या समोर होत्या. याला काही अर्थ आहे का? (टोरोंटो)

उत्तर : फार नाही. 1964 साली ॲलिसन आणि उल या अमेरिकन अभ्यासकांनी लेबल काढलेल्या बाटल्या बिअर पिणाऱ्यांना दिल्या, तेव्हा त्यांना आपला आवडता ब्रँड सहसा ओळखता आला नाही. लेबलं लावून दिल्यावर आवडत्या ब्रँडला जास्त गुण मिळाले. 2006 साली ली, फ्रेडरिक आणि एरियली यांनी पबमध्ये बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब टाकून बघितले. आधी सांगितलेल्यांना ती कमी आवडली. पिऊन झाल्यावर सांगितलेल्यांना मात्र न सांगितलेल्यांइतकीच आवडली. म्हणजे माहिती घोटाच्या आधी आली तर चवीत मिसळते. 'घरची' हा शब्दही तसाच एक थेंब आहे. काहींच्या तोंडात तो गोड लागतो, काहींच्या आंबट.

तेव्हा त्रिकोणी चाचणी घ्या. प्रत्येकाला तीन कप: दोन एका बिअरचे, एक दुसरीचा. वेगळा कुठला ते ओळखायचं. कप अपारदर्शक हवेत, पार्टीतले लाल कप त्यासाठी उत्तम. प्रत्येकी 60 ते 90 मिलि, दोन्ही बिअर एकाच तापमानाच्या. कपांवर 1-2-3 लिहू नका, कारण लोकांना 1 आवडतो. 417, 852 असे आकडे लिहा. मांडणीचे सहा प्रकार होतात, ते सगळे आळीपाळीने वापरा. ओतणारा आणि वाटणारा वेगळा असावा. ओतणाऱ्याच्या चेहऱ्यावरून लोक बरोबर ओळखतात. मध्ये तोंड धुवायला पाणी आणि कोरडे चुरमुरे, बाकी काही नाही.

निव्वळ अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच. म्हणून बाराजणांत चारांनी ओळखलं तर त्यात काही नाही, किमान आठांनी ओळखायला हवं. नऊजण असतील तर सहा. त्याहून कमी आले तर तुमच्या आणि कारखान्याच्या बिअरमधला फरक या मंडळींना कळला असं म्हणता येत नाही, आणि मग आवडीचा प्रश्नच उरत नाही. आवड विचारायची ती ज्यांनी बरोबर ओळखलं त्यांनाच. एक घोळ टाळा: घरच्या बाटलीचा गाळ एखाद्या कपात गेला तर लोक बिअर नव्हे, यीस्ट ओळखतील. आधी प्रत्येक बिअर आपापल्या वेगळ्या भांड्यात हळूच ओतून मग कपांत वाटा.

प्रश्न : सगळ्यांना आवडणारी बिअर स्पर्धेला पाठवली. 50 पैकी 27 गुण आणि शेरा 'डायअसिटिल'. खरं कोणाचं? (सिएटल)

उत्तर : दोघांचंही. परीक्षकांसाठी बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामची गुणपत्रिका असते: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातली जाणीव 5, एकूण प्रभाव 10. 21 ते 29 म्हणजे 'चांगली', तेव्हा 27 ही नापासाची चिठ्ठी नाही. पाहुण्याच्या डोक्यातली गुणपत्रिका मात्र वेगळी असते. तिथे रूप आणि फेसालाच निम्मे गुण, आणि वासाचा रकाना बहुतेकदा कोरा.

डायअसिटिल म्हणजे लोण्याचा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास. पुष्कळांना तो आवडतो, "काय गुळगुळीत आहे!" म्हणून. म्हणून तर मित्रांनी तक्रार केली नाही. यीस्ट ते आधी तयार होऊ देतं आणि शेवटी परत खातं. तुम्ही गार करण्याची घाई केलीत. लागर असेल तर आंबणं संपत आलं असताना 18 ते 20 अंशांवर आणून दोन-तीन दिवस ठेवा. नंतर दोन बरण्यांत 100-100 मिलि घ्या. एक झाकण लावून 60 ते 65 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा, दुसरी तशीच. दोन्ही सारख्या गार करून हुंगा. फक्त तापवलेलीला लोण्याचा वास आला तर कच्चा माल अजून शिल्लक आहे, थांबा. दोन्हींना आला तर यीस्टचं काम बाकी आहे. दोन्हींना नसला तर खुशाल गार करा.

स्पर्धेत प्रकारही तपासा. केळं आणि लवंगेचा वास बव्हेरियन वाइसबिअरमध्ये (जर्मन गव्हाची बिअर) हवाच, तीच बिअर अमेरिकन व्हीट, म्हणजे अमेरिकन पद्धतीची गव्हाची बिअर, म्हणून पाठवली तर शिकरण झालंय असा शेरा येईल. उकडलेल्या कणसाचा वास आला असता तर झाकण ठेवून उकळलंत का, असं विचारलं असतं. फिकट पिल्सनर माल्टला झाकण काढून 90 मिनिटं उकळी लागते.

प्रश्न : पहिल्या आठवड्यात फुलासारखी, दोन महिन्यांनी ओला पुठ्ठा. (दुबईहून बदली होऊन आता म्युनिकला)

उत्तर : बाटलीत हवा गेली. नळीचं टोक तळाला टेकवून भरा, वरून धार धरू नका, वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा, फेस वर आलेला असतानाच बूच दाबा. भरलेल्या बाटल्या गार जागी ठेवा. उबेत हेच झपाट्याने होतं. हॉप्स भरपूर घातलेली गढूळ आयपीए महिन्या-दीड महिन्यात संपवा. ती साठवण्याची वस्तू नाही. आणि हिरव्या किंवा बिनरंगी काचेच्या बाटल्या खिडकीत मांडू नका. उन्हात काही मिनिटांतच हॉप्समधल्या कडू द्रव्यापासून स्कंकचा (दुर्गंध सोडणारा अमेरिकेतला एक प्राणी) वास तयार होतो. तपकिरी काच पुष्कळ वाचवते, सगळं नाही.

प्रश्न : पुण्यात राहतो. सामान ऑनलाइन मिळतं. घरी करू का?

उत्तर : नाही. महाराष्ट्रात परवान्याविना मद्य बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. सामान मिळतं म्हणून परवानगी मिळत नाही. पण या सगळ्यातला अर्धा भाग जिभेचा आहे आणि तो पुण्यात छान शिकता येतो. 2009 साली डूलाली या छोट्या बिअर-कारखान्याने सुरुवात केल्यापासून शहरात ताजी बिअर देणाऱ्या जागा वाढल्या आहेत. तिथे लहान ग्लासांत चार प्रकार मागवा, नावं न बघता हुंगा, लिहून काढा, मग नावं बघा. घरी हिरव्या बाटलीतली एकच लागर दोन बाटल्या आणा, एक तासभर उन्हात ठेवा, दुसरी अंधारात, दोन्ही एकदम गार करून कुठली कुठली ते तुम्हाला न कळता कुणाला तरी ओतायला सांगा. वय 21 पूर्ण आणि पिण्याचा परवाना खिशात असला म्हणजे झालं.